पडवीतून : मुक्कामी गाडी

(वाचकांच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणारे पाळक नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ३१ वर्षं सेवा करून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : पाळकसाहेब, सप्रेम सलाम. मी ३१ वर्षांचा आहे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे, नोकरी कायम आहे. पत्नी अंगणवाडीत सेविका, मुलगी चार वर्षांची. आईला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. बायबलमधल्या हन्नेसारखं तिनं मला जन्माआधीच देवाला वाहिलं होतं. पाच वर्षांपासून मी शब्बाथ शाळा (रविवारचा बायबलवर्ग) घेतो, आणि आमचे पाळक परगावी असले की संदेशही देतो. लोक म्हणतात, पाळकांपेक्षा तू बरा बोलतोस. गेल्या मे महिन्यात संजीवन सभेला बाहेरून आलेल्या वक्त्यांनी हजार लोकांसमोर मला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘देव तुला हजारोंपुढं उभा करणार आहे.’ मी ढसाढसा रडलो. तेव्हापासून रात्र रात्र झोप नाही. राजीनामा देऊन पुण्याला सेमिनरीत जावं का? मंडळीतले एक पंच म्हणतात वय गेलं. पत्नी काहीच बोलत नाही. सीझनला रात्रपाळीत दोन-चार ऊसतोडवाले प्रार्थना करून घेतात, इथली सेवा म्हणाल तर तेवढीच. खरं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, ओळखायचं कसं?
— एक वाचक, श्रीरामपूर तालुका

उत्तर : सलाम. माझं वय चौऱ्याहत्तर, तेव्हा अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, संपादकांनी वर ते आटवून छापलंय. मी चारही पानं दोनदा वाचली. त्यातली अडीच पानं संजीवन सभेची आहेत : मांडव केवढा होता, वक्ते कुठून आले, तुला कुठल्या रांगेतून बोलावलं. ऊसतोडवाल्यांना मिळालीय एक ओळ, आणि तिच्या शेवटी ‘तेवढीच’. मी अडकलोय ते त्या ओळीत. पण तिकडं जाण्याआधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल.

पाळक होण्याआधी सहा वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. खांद्याला पैशांची चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. नेवासे तालुक्यातल्या एका गावाला आमची मुक्कामी गाडी असायची. रात्री नऊला पोचायची, पहाटे साडेपाचला निघायची. ती ड्यूटी कुणाला नको असायची. डास, पाणी नाही, गाडीतच बाकावर पथारी. एका रात्री ड्रायव्हरनं मला मोठ्यानं हाक मारली, ‘ओ योहान!’ ते नाव एका म्हातारीनं ऐकलं. हातात कंदील घेऊन ती गाडीशी आली. म्हणाली, ‘आपल्यातलाच हाईस ना रं? मालक लई आजारी हाईत. आमचं पाळक महिन्यातून एकदा येत्यात, ते बी पाऊस नसला तर. चल, प्रार्थना कर.’

मला प्रार्थना येत नव्हती. म्हणजे बापजाद्यांपासून ख्रिस्ती, पण चारचौघांत तोंड उघडायची सवय नव्हती. गेलो. बाजेवर म्हातारा, खाली राखेचं घमेलं, भिंतीला कारखान्याचं कॅलेंडर. मी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि ‘आमची रोजची भाकर’ इथं अडकलो. पुढचं आठवेचना. पुढचं त्या म्हाताऱ्यानंच म्हटलं, खोकत खोकत. मी आमेन तेवढं केलं. म्हातारीनं बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच ड्यूटी लागली, पुन्हा गेलो. मग सात महिने जात राहिलो. कुठं आवाज आला नाही, उजेड दिसला नाही, कुणी डोक्यावर हात ठेवला नाही. एक दिवस डेपोत ड्यूटी लावणारा बाबू हसत म्हणाला, ‘काय रे, पुण्याची गाडी सोडून तू ती मुक्कामी मागून घेतोस, तिथं काय बाई ठेवलीस की काय?’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी खरंच मागून घेतोय. पुण्याच्या गाडीला भत्ता जास्त होता. तो सोडून मी डास मागून घेत होतो. माझं पाचारण मला असं कळलं, एका चावट प्रश्नातून.

म्हणून आता तुला विचारतो, तू ड्यूटी कशासाठी बदलून घेतोस? माईक मिळणार असला तर रविवारची पाळी बदलून घेत असशील, त्यात वाईट काही नाही. पण माईक नसेल, कोणी बघत नसेल, उलट पदरचं काही जात असेल, अशा कुठल्या कामासाठी आजवर बदलून घेतलीस? एका कागदावर लिहून काढ. कागद कोरा राहिला तर राजीनामा लिहू नकोस.

आता आईचा नवस. हन्नेनं आपल्या मुलाला, शमुवेलाला वाहिलं हे खरं. पण पहिलं शमुवेल, तिसरा अध्याय पुन्हा उघड. आईनं वाहिलं म्हणून देवानं त्याला परस्पर कामाला जुंपलं नाही, त्याला स्वतंत्र हाक मारली. आणि गंमत बघ, त्या पोराला ती हाक कुणाची ते कळलंच नाही. तीन वेळा उठून तो एली याजकाकडं धावला. ‘ही देवाची हाक आहे’ हे ओळखलं ते एलीनं. डोळे गेलेला, पोटची पोरं वाया गेलेला म्हातारा एली. म्हणजे आईचा नवस तो तिचा, तिनं तो प्रेमानं फेडला, तुझ्यावर त्याचं कर्ज नाही. पण एली मात्र तुला लागेल. तुझ्या ‘बऱ्या न बोलणाऱ्या’ पाळकांकडं तू हा विषय घेऊन गेलायस का? चार पानांत तसं कुठंच नाही. जा. त्यांचं भाषण पडेल असेल, कान चांगले असतील.

वक्त्यांचं भविष्य. त्यांना मी खोटं म्हणत नाही, मी तिथं नव्हतो. पण बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीनं बर्णबा आणि शौलावर (पुढचा पौल) हात ठेवले, तेव्हा ते दोघं त्या मंडळीत वर्षभर राबलेले होते. अकराव्या अध्यायात तसं लिहिलंच आहे. हात ठेवणाऱ्यांना त्यांच्या सवयी ठाऊक होत्या, कोण लवकर चिडतो हेही ठाऊक असणार. तुझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याला तुझं आडनाव तरी ठाऊक होतं का? आणि सहाव्या अध्यायातले ते सात जण आठव. विधवांच्या रोजच्या जेवणात दुजाभाव होतोय अशी कुरबुर झाली म्हणून ते निवडले. अट काय, तर लोकांत नाव चांगलं हवं. प्रेषितांनी निवड मंडळीवर सोपवली आणि मग हात ठेवले. आधी गाव, मग हात. तुझ्या बाबतीत हात आधी आलाय, तर आता गावाला विचारून घे.

पाळकाच्या कामाबद्दल तुझ्या डोळ्यांपुढं काय चित्र आहे मला माहीत नाही, बहुतेक स्टेज असावं. माझं सांगतो. संदेश आठवड्यातून वीस-पंचवीस मिनिटं. बाकीचे सहा दिवस दफनभूमीच्या हद्दीवरून तलाठ्याकडं खेटे, देवळाच्या पत्र्यांची वर्गणी, दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं आणि दोघंही मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत. आणि बाप्तिस्म्यांचं रजिस्टर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. तर एक बाप लेकराला बाप्तिस्म्याला घेऊन आला, आणि पाणी घालून झाल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, ‘पाळकसाहेब, तेवढं वहीत लिहू नका.’ पोराचं शिक्षण जाईल ही त्याची भीती खोटी नव्हती. वही ही देवापुढची साक्ष, हे माझं म्हणणंही खोटं नव्हतं. टोपण उघडलेलं पेन हातात धरून मी उभा. काय केलं ते इथं सांगणार नाही. तो बाप अजून हयात आहे, आणि हे सदर त्याच्या गावात वाचलं जातं. पण असले प्रसंग हजारोंपुढं येत नाहीत. ते वेस्ट्रीत, म्हणजे देवळातल्या पाळकाच्या खोलीत, दार लोटून घेतल्यावर येतात. हे नुसतं ऐकून तुला नको वाटलं का? की ‘मग काय करायचं अशा वेळी’ असा प्रश्न मनात आला? दुसरं झालं असेल तर माझे कान थोडे टवकारले असं समज.

आता रस्ता कसा आहे ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की सेमिनरीत नाव घातलं की झालं. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, आणि आपल्या नगरकडचे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे, म्हणजे निर्णय मंडळीनंच घ्यायचे असं मानणारेही. त्यामुळं बिशप आहेत, पण खालच्या मंडळीला डावलून कुणी पुढं जात नाही. आधी तुझ्या मंडळीची शिफारस, मग डायोसिसची (बिशपांच्या प्रांताची) मुलाखत, मग सेमिनरी. बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही बंगालमधल्या सेरामपूरची पदवी. त्या कॉलेजला डेन्मार्कच्या राजानं १८२७ मध्ये पदव्या द्यायची सनद दिली, तेव्हापासूनची ती परंपरा आहे. चार-पाच वर्षं जातात. ग्रीक-हिब्रूशी झटापट आहे, आणि इंग्रजीतली जाडजाड पुस्तकं. मी तिथं पहिलं वर्ष नुसतं डिक्शनरी घेऊन काढलं. मग उमेदवारी, मग डीकनची म्हणजे सहायक सेवकाची दीक्षा, आणि त्यानंतर प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. वय गेलं म्हणणाऱ्या पंचांना सांग, मीही तिशी ओलांडूनच गेलो होतो. वयाची अडचण मला वाटत नाही.

मला अडचण वाटते ती बायको बोलत नाही याची. ती गप्प आहे म्हणजे तिला मत नाही असं समजलास तर फसशील. मी राजीनाम्याचं काढलं तेव्हा हिनं एकच विचारलं, ‘पाळकवाड्यात नळ आहे का?’ मला राग आला. मी देवाचं बोलतोय आणि ही नळाचं! पहिल्या मंडळीत गेलो तर हापसा रस्त्यापलीकडं. सहा वर्षं तिनं घागरी वाहिल्या, माझ्या पाचारणाच्या. एसटीत पगार ठरल्या तारखेला व्हायचा, इथं तो वर्गणी गोळा होईल तसा. तर तू सभेबद्दल बोलू नकोस तिच्याशी. तिला विचार, की पुढच्या पाच वर्षांत तुला कशाची भीती वाटते? आणि मग मध्ये न बोलता ऐकून घे. मध्ये न बोलणं जमतं का हीसुद्धा पाळक व्हायच्या आधीची एक परीक्षाच आहे, आणि बोलण्यात हुशार असलेले तिच्यातच नापास होतात.

एक चूक कबूल करतो. सेवेच्या दहाव्या-बाराव्या वर्षी एक पोरगा असाच माझ्याकडं आला. गळा गोड, वचनं तोंडपाठ. मी भारावून गेलो आणि महिन्याभरात त्याची शिफारस लिहून दिली. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं होतं, ‘घरात कसा वागतो?’ मी हसून टाळलं. दीड वर्षानं पोरगा परत आला. शिक्षण सुटलं, आधीची नोकरी गेली, आणि लोक त्याला पाळक पाळक म्हणून चिडवायचे. आता तो कीर्तनात पेटी वाजवतो आणि उत्तम वाजवतो, पण देवळात येईना तो तीन वर्षं. ती शिफारस माझी होती.

म्हणून आता तुझ्या त्या एका ओळीकडं येतो. रात्री दोनला टायरगाड्यांची रांग लागलेली. थंडी. गाडीखाली पोत्यावर पोरं झोपलेली. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेल की नाही या चिंतेत माणूस बसलाय, आणि तो तुझ्या खिडकीशी येऊन म्हणतो, जरा प्रार्थना करा. तो काही आपल्या मंडळीचा नाही. तू कुठल्या चर्चचा हेही त्याला ठाऊक नसेल. त्याला एवढंच ठाऊक असणार की या खिडकीत बसणारा माणूस वजन खरं सांगतो. नीतिसूत्रांत अकराव्याची सुरुवातच खोट्या काट्यापासून आहे. परमेश्वराला त्याचा वीट येतो. त्या वचनावर मी आयुष्यात चार-पाचदा संदेश दिला असेल. तू त्या वचनावर बसून आठ तास काढतोस. तुझ्या जागी उद्या दुसरा कोणी बसला तर ते दोन-चार जण प्रार्थनेसाठी खिडकीशी येतील का, याचा विचार कर. येतील असं वाटलं तर तू मोकळा आहेस.

याचा अर्थ दीक्षेला जाऊ नको असा घेऊ नकोस. दीक्षित माणसं लागतात. प्रभुभोजन कोणी द्यायचं, मयताला कोणी उभं राहायचं? माझ्या त्या मुक्कामी गावचा म्हातारा वारला तेव्हा पाळक पोचू शकले नाहीत. माती मी दिली, कंडक्टरच्या खाकी कपड्यांत. पण म्हातारीला शेवटचं प्रभुभोजन हवं होतं ते मी देऊ शकलो नाही. खरं तर त्याच दिवशी माझं ठरलं. मला व्यासपीठ नको होतं, ती भाकर आणि तो प्याला हवा होता, त्यांच्या दारात न्यायला. तुझं असं काही अडतंय का? दीक्षा नसल्यामुळं तुझ्या हातून कुणाचं तरी काही अडून राहतंय असं एक उदाहरण सापडलं, तर ते घेऊन तुझ्या पाळकांकडं जा. नाही सापडलं, तर हा सीझन संपेपर्यंत थांब. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा गळीत हंगाम, म्हणजे पाच-सहा महिने. तेवढे दिवस संदेश देणं बंद ठेव, मुद्दाम. शब्बाथ शाळा चालू ठेव. रात्रपाळी मागून घे. मार्चअखेर मला पुन्हा लिही, आणि या खेपेला सभेला एक ओळ दे, गाड्यांना अडीच पानं.

एक राहिलं. समजा, दीक्षा घेतलीस आणि तीही अपुरी वाटली, तर? तसंही होतं. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांची भजनं तू म्हणतोस, दीक्षित होते, मिशनच्या कामात होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही तिथं जागा होती. दोनच वर्षांत ते गेले. म्हणजे दीक्षा झाली म्हणून हाक थांबते असं नाही. झोप न येण्याची सवय करून घे, पुढं लागेल.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटते, दवाखान्यात सोबत बसते. आता काही जण आग्रह करतात की तुम्ही रीतसर दीक्षा घ्या, हल्ली स्त्रियांनाही मिळते. मला मुळीच इच्छा नाही. हा देवाला नकार ठरेल का?
— एक भगिनी, नाशिक

उत्तर : नाही ठरणार, ताई. दीक्षा मिळते हे खरं, आणि ज्या भगिनींना ती हाक आहे त्यांनी जरूर घ्यावी. मला त्यांच्या हातून प्रभुभोजन घेताना आनंदच झालाय. पण ‘चांगलं काम करते, तर हिला पाळक करा’ हे मला ‘चांगली शिकवते, तर हिला शिक्षणाधिकारी करा’ यासारखं वाटतं. तुमच्या खात्यात असं झालेलं तुम्ही पाहिलं असेल. वर्गही गेला आणि ऑफिसही.

वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेला. कॅथलिक मंडळी त्याला संत मानते. तो धर्मगुरू नव्हता, साधा बंधू होता. त्याआधी तर व्यापारी होता. पंडिता रमाबाईंना कुणी दीक्षा दिली नव्हती. केडगावला मुक्ती मिशनमध्ये अनाथ मुली, विधवा, आंधळ्या स्त्रिया सांभाळता सांभाळता त्या म्हातारपणाकडं झुकलेल्या वयात हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या आणि सबंध बायबल मराठीत आणलं. छापलंही तिथल्या बायकांनीच. त्यांना आधी दीक्षा घ्या म्हणून कुणी अडवलं असतं तर?

एवढं मात्र करा. भेटीला जाताना एखाद्या तरुण मुलीला सोबत न्या. मागे बसू द्या तिला, शिकवू नका काही. आणि वही ठेवा : तारीख, कुणाकडं गेलात, कुठलं दुखणं, घरात कोण होतं. ‘प्रार्थना केली’ असं दर वेळी लिहू नका, ते गृहीत आहे. ‘सून बोलत नव्हती’ किंवा ‘औषध संपलं होतं’ असलं लिहा. पाळक बदलले की नव्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडतं ते असं काही, आणि नेमकं तेच कुणी लिहून ठेवत नाही. माझ्याकडं एक कोरी लांब वही पडून आहे, उभ्या रेघांची. मुलीनं घरखर्चासाठी आणली होती. संपादकांकडं देऊन ठेवतो, मागवून घ्या.